पाणलोटाचं काम गावाने हाती घ्यावं म्हणून : शिवारफेरीपासून पाण्याच्या ताळेबंदापर्यंत

पाणलोटाच्या, म्हणजे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत पावसाचं पाणी अडवण्या-मुरवण्याच्या, कामात मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका पठारावरच्या गावात आम्ही डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले लांब चर, खोदले. ओळी सरळ, मोजमाप चोख, मोजणी पुस्तिकेत एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वर गेलो तर निम्मे चर मातीने बुजलेले आणि भरावावर लावलेलं एकही रोप उभं नाही. मेंढ्यांच्या खुरांनी भराव ढासळले होते. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या चराईच्या रानात चर खणले. आम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. ग्रामसभेच्या ठरावावर सह्या भरपूर होत्या, पण त्या वस्तीतली एकही नव्हती.

तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा केला. पाणलोटात 'माथा ते पायथा' हा नियम सगळ्यांना पाठ असतो : आधी डोंगरमाथ्याचे उपचार (म्हणजे चर, बांध अशी पाणी-माती अडवायची कामं), मग शेतातली बांधबंदिस्ती, मग ओढ्यावरचे बंधारे. माणसांच्या बाबतीतही तोच क्रम धरावा लागतो. ज्याला या कामातून सगळ्यात कमी मिळणार, किंवा ज्याचं काही जाणार, त्याच्याशी सगळ्यात आधी बोलायचं. ते कसं करायचं, हे पुढे लिहिलं आहे. ग्रामपंचायत सदस्य, पाणलोट समितीतले लोक, बचत गटाच्या ताया, संस्थेचे कार्यकर्ते अशा प्रत्यक्ष शिवारात उतरणाऱ्यांसाठी ते आहे.

आधी यादी माणसांची

कामाला हात घालायचा तो दिवाळीनंतर. खरीप निघालेला असतो, लोकांना सवड असते, ओढ्याला कुठे किती पाणी टिकलं ते डोळ्यांना दिसतं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणा आणि तो मोठ्या कागदावर उतरवून घ्या. त्यावर ओढे, विहिरी, वाड्या-वस्त्या, गायरान, वनखात्याची हद्द दाखवा. मग प्रत्येक वस्तीपुढे लिहा : इथले लोक पाण्याशी कसे जोडलेले आहेत?

माझ्या यादीत साधारण ही माणसं येतात. माथ्यालगतचे कोरडवाहू शेतकरी, ज्यांच्या रानात काम होतं आणि पाणी मात्र खाली उतरतं. पायथ्याचे बागायतदार, ज्यांच्या विहिरी भरतात. मेंढपाळ आणि शेळ्या राखणारे. भूमिहीन मजूर. पिण्याचं पाणी डोक्यावरून वाहणाऱ्या बाया. ओढ्यातून वाळू काढणारे, वीटभट्टीवाले. तळं असेल तर मासेमारी करणारे. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी तलावांचा गाळ काढायचा ठरला, तर धानाच्या शेतकऱ्याइतकाच ढिवर समाजाचा मासा त्यात गुंतलेला असतो. सगळं पाणी सोडून तळ खरवडला तर माशांचं वर्ष जातं. त्यांना बैठकीत न बोलावता केलेली गाळमुक्ती एकाच्या शेतात माती घालते आणि दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेते.

यादी झाली की वस्त्यांवर जा. चावडीवर बोलावू नका, तुम्हीच जा, तेही संध्याकाळी जेवणं झाल्यावर. मेंढपाळांना सकाळी गाठणं अशक्य आणि मजुरांना दुपारी. पहिल्या भेटीत योजनेचं नाव काढू नका. पाण्याचं गेल्या दहा वर्षांत काय झालं, एवढंच विचारा आणि वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. 'आमच्या विहिरीला आठ परसावर पाणी असायचं' असं कुणी म्हणालं, तर परसच लिहा (माणसाच्या उंचीवरून खोली मोजायचं जुनं माप), मीटर नंतर काढता येतात.

शिवारफेरी, आणि बायांसोबतची वेगळी फेरी

शिवारफेरी म्हणजे फोटोसाठीची पदयात्रा नव्हे. गावाच्या सर्वांत उंच टोकापासून सुरुवात करायची आणि ओढ्याच्या काठाकाठाने गावाची हद्द संपेपर्यंत उतरायचं. पंधरा-वीस माणसं पुरेत, पण त्यांत माथ्यावरचा एक, पायथ्याचा एक, एक मेंढपाळ आणि दोन-तीन बाया हव्यातच. वाटेत थांबायच्या जागा आधीच ठरवा : जिथे घळ सुरू होते, जिथे माती वाहून खडक उघडा पडला आहे, जिथे जुना बांध फुटला आहे. तिथे उभं राहून एकच विचारा, 'इथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?' खाली राहणाऱ्या अनेकांनी आयुष्यात वरचं रान पाहिलेलं नसतं. आपल्या विहिरीचं पाणी कुणाच्या खडकाळ माळावरून येतं, हे त्यांना त्या दिवशी कळतं.

बायांची फेरी वेगळी ठेवा. मिश्र घोळक्यात त्या मागे चालतात आणि गप्प राहतात. त्यांच्याच सोबत गेलात तर झरे कळतात, फेब्रुवारीत आटणारा हातपंप कोणता, सरपण कुठून येतं, कोणत्या बांधावर घास मिळतो, हेही कळतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहेच. ती कागदावर उरकू नका. तिथे झालेली मागणी दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत त्याच शब्दांत वाचून दाखवायला लावा.

गटवार आराखडा : इथे घाई करू नका

सगळ्या कामात मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने आणि नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या साथीने महाराष्ट्रात शेकडो गावांत काम झालं. त्यात गट नंबराप्रमाणे शेतात जाऊन, शेतकरी नवरा-बायकोच्या समोर उपचार ठरवण्याची पद्धत रुजली. कार्यालयात बसून नकाशावर आखलेल्या बांधाला कुणी आपला म्हणत नाही. स्वतःच्या पायांनी चालून ठरवलेला बांध फुटला, तर शेतकरी दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन जातो.

एका दिवसात आठ-दहा गटांपेक्षा जास्त घेऊ नका. सोबत सातबारा, गटाचा नकाशा, मोजपट्टी, ए-फ्रेम आणि चुन्याची फक्की असू द्या. ए-फ्रेम गावातच बनते : दोन सारख्या लांबीच्या काठ्या, मध्ये एक आडवी, आणि वरून दगड बांधलेला दोरा. दोरा आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय समपातळीत. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, जागेवर फक्की टाकायची. अर्ध्या तासात समतल रेषा रानात उमटते आणि आपण ज्याला सपाट समजत होतो ते रान किती तिरकं आहे ते सगळ्यांना दिसतं. हे काम आधी बायांच्या हातात द्या. त्या पटकन शिकतात आणि पुढे त्याच दुसऱ्यांना शिकवतात.

भांडण होतं ते सांडव्यावरून. बांध घालायला कुणाची हरकत नसते, पण बांधामागे साचलेलं जादा पाणी कुठून सोडायचं यावर भाऊ-भाऊ बोलायचे थांबलेले मी पाहिले आहेत. म्हणून सांडव्याची जागा ठरवताना वरचा आणि खालचा दोन्ही शेतकरी बांधावर हजर हवेत. एकदा असाच वाद तासभर चालला. एक दादा म्हणत होते सांडवा पूर्वेला काढा, शेजारी म्हणत होते माझ्या गव्हात पाणी येतं. तेवढ्यात त्या दादांची बायको म्हणाली, "मोठ्या पावसात पाणी त्या बोरीच्या कडेनंच निघतं. तिथं खाली कातळ आहे, माती वाहत नाही. आत्याबाई असल्यापासून तिथूनच जातंय." जाऊन पाहिलं तर खरंच कातळ. सांडवा तिथेच काढला, दगडी पिचिंग केलं, म्हणजे माती वाहू नये म्हणून दगडांचा थर बसवला. ती बाई त्या शेतात वीस वर्षं राबत होती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून कुठल्याच बैठकीचं बोलावणं तिला गेलं नव्हतं.

प्रत्येक गटाचा एक कागद करा. त्यावर उपचार, मोजमाप, सांडव्याची जागा, शेतकऱ्याचा वाटा किती आणि कशात (पैशात की श्रमात), हे लिहून नवरा-बायको दोघांच्या आणि लागून असलेल्या शेतकऱ्याच्या सह्या घ्या. जे नको म्हणतात त्यांना सोडून पुढे जा. एका पावसाळ्यानंतर शेजारच्या रानातली ओल पाहून त्यांतले बरेच स्वतः येतात.

चराईचा प्रश्न कागदावर नका सोडवू

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही राळेगणसिद्धी, हिवरे बाजारपासून सगळीकडे पाणलोटाची पहिली अट ठरली, आणि ती योग्यच आहे. गवत-झुडूप उभं राहिल्याशिवाय माथ्यावरचं पाणी मुरत नाही. पण ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त पंधरा शेळ्या आहेत, त्याच्यासाठी चराईबंदी म्हणजे चूल बंद. दंडाच्या पावत्या फाडून हे सुटत नाही. दंडाने रात्रीची चराई सुरू होते, एवढंच.

आमच्या त्या फसलेल्या गावात आम्ही पुन्हा बसलो, यावेळी वस्तीवर, वाघरीच्या (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या) शेजारी. तीन बैठकांनंतर ठरलं ते असं. डोंगराचे तीन भाग करायचे. एका वेळी एकच भाग बंद, बाकी दोन खुले. बंद भागातलं गवत दुसऱ्या वर्षापासून कापून न्यायला मोकळीक, आणि विळ्याचा पहिला हक्क जमीन नसलेल्या घरांचा. ज्यांच्या विहिरींना पाणी वाढेल अशा पायथ्याच्या शेतकऱ्यांनी उन्हाळ्यात आपल्या रानात मेंढ्या बसवायला त्याच वस्तीला आधी बोलवायचं आणि त्याचा धान्यातला मोबदला द्यायचा. लेंडीखत शेतकऱ्याला हवंच होतं. राखणदारही त्याच वस्तीतले दोघे नेमले. यात नवं काही नव्हतं, सगळे जुनेच व्यवहार होते. फक्त ते एका ठरावात बांधून ग्रामसभेपुढे आणले.

वनखात्याची जमीन असेल तर हे परस्पर ठरवता येत नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वनरक्षक पहिल्या बैठकीपासून हवेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्यासोबत शेकडो हेक्टर जंगल राखलं, ते गावानेच ठरवलेल्या नियमांवर आणि दंडावर. नियम स्वतःचा असला की राखणही स्वतःची होते.

समिती, ग्रामसभा, पैसा

समिती लहान ठेवा, पण सोयीची नको. केंद्र सरकारच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांमध्ये पाणलोट समितीत किमान १० सदस्य आणि त्यांतले निम्मे अनुसूचित जाती-जमाती, महिला, भूमिहीन, बचत गट व उपभोक्ता गटांतले असावेत असं म्हटलं आहे. मी त्यात एकच भर घालतो : प्रत्येक वस्तीचा किमान एक जण, आणि तो त्या वस्तीने बसून निवडलेला. सरपंचाने सुचवलेला चालणार नाही.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी तो. कायद्याला तेवढं पुरतं, कामाला पुरत नाही. महत्त्वाचा ठराव असेल तर वाडीवार आधी चर्चा घ्या आणि मतमोजणीपेक्षा सहमतीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव वर्षानुवर्षं सर्वसहमतीने निर्णय घेत आलं आहे. वेळ लागतो. पण पाण्याच्या बाबतीत हरलेला एक शेतकरीसुद्धा रात्रीत बांध फोडू शकतो, हे विसरून चालत नाही.

पैशांसाठी एकच सांगेन. प्रत्येक कामाच्या जागी आणि गावातल्या पिठाच्या गिरणीजवळ फळा लावा : कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च, मजुरी किती जणांना मिळाली, यंत्र किती तास चाललं. दर पंधरवड्याला तो बदला. पाणलोटाची कामं पाण्यावाचून फार क्वचित बंद पडतात, संशयाने मात्र पडतात.

श्रमदान आणि प्रत्यक्ष काम

श्रमदान ही गावाच्या तयारीची परीक्षा आहे. योजना मंजूर होण्याआधी गावाने काही दिवस फुकट राबून दाखवावं, ही अट इंडो-जर्मन कार्यक्रमात होती. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने तेच उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांच्या उत्सवासारखं केलं. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते, आणि कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. उत्साह मोठा असतो, तो वापरावा. पण ज्यांची रोजंदारी बुडते त्यांच्याकडून पायथ्याच्या बागायतदाराइतकंच श्रमदान मागू नका. मजुरांसाठी रोजगार हमीतून कामं घ्या, श्रमदान जमीनवाल्यांनी करावं.

आखणीत एक हिशेब लोकांना मुद्दाम समजावून सांगा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, आणि ते एका पावसात. खोदणाऱ्या माणसाला आपण काय खोदतो आहोत हे त्या आकड्याने कळतं. भराव उताराच्या खालच्या बाजूला, आणि त्यावर गवताचं बी लगेच. ओढ्यात खोलीकरण करायचं असेल तर कातळ फोडून खाली जाऊ नका. काठच्या विहिरींचं पाणीच त्या खड्ड्यात उतरतं आणि उन्हात उडून जातं. असे ओढे मी पाहिले आहेत. मार्चमध्ये पात्र निळंशार आणि शेजारची विहीर कोरडी.

ताळेबंद : खरी कसोटी इथे लागते

बंधारे झाले, विहिरी भरल्या, सत्कार झाले. तिसऱ्या वर्षी ऊस आला, बोअर वाढल्या आणि पुन्हा टँकर. हे चक्र राज्यात अनेक गावांनी पाहिलं आहे. पाणी अडवण्यासाठी लोक एकत्र आणणं सोपं आहे, वाटण्यासाठी अवघड. म्हणून वापराचे नियम पहिला चर खोदण्याआधी ठरले पाहिजेत, कारण तेव्हा कुणाकडेच पाणी नसतं आणि सगळे न्यायाने बोलतात.

पाऊस संपला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ताळेबंद मांडा. गृहीत धरा, गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, तेव्हा गावावर ४५० कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं बरंच खरिपाने पिऊन, वाफ होऊन, वाहून गेलं. बेसॉल्टच्या (काळ्या कातळाच्या) टापूत साधारण दहावा भाग मुरतो असं धरून सुरुवात करा : ४५ कोटी. त्यातलंही काही ओढ्यावाटे पुढे जाणार, म्हणून हाताशी ३५ कोटीच धरा.

आता खर्च. १५०० माणसांना दिवसाला ५५ लिटरप्रमाणे वर्षाचे सुमारे ३ कोटी, जनावरांचे आणखी २ कोटी. हे ५ कोटी आधी बाजूला. उरले ३० कोटी. एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २ कोटी लिटर लागतात, गव्हाला ४५ लाख, हरभऱ्याला २५ लाख. म्हणजे तेवढ्याच पाण्यात ऊस १५ हेक्टर होईल, गहू ६५ हेक्टरच्या आसपास, हरभरा १२० हेक्टर. हे आकडे चावडीच्या भिंतीवर खडूने लिहा आणि थांबा. दीड हेक्टर ऊस सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो, हे कुणीतरी स्वतःच मोठ्याने म्हणतं. तुम्ही म्हणू नका.

मग नियम. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून रब्बीचं क्षेत्र आणि पिकं ग्रामसभा ठरवते, आणि शेतीसाठी बोअरला मनाई आहे. त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिची सूत्रं अजून कुणी सहज पेलू शकलेलं नाही : पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, ऊस नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही, आणि खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थ्यांचा. तुमच्या गावाला हे सगळं एकदम पेलेलच असं नाही. भूमिहीनांचा वाटा आणि उसाची मर्यादा, या दोन्हींवर तरी चर्चा टाळू नका. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरी-बोअरवर कायद्याचे निर्बंध १९९३ पासून आहेत, तेही ठरावात लिहा. अस्तर टाकलेल्या शेततळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरायचं की फक्त पावसाचं, हेही आताच लिहा.

नियम राखायला माणूस लागतो. धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या रीतीत, पाटकरी (पाणी सोडणारा) आणि जागल्या (राखणदार) शतकानुशतकं हे काम करत आले, आणि त्यांचा मेहनताना लाभ घेणारे शेतकरीच देत. तुमच्याही गावात पाण्याच्या नोंदी ठेवणारा आणि पाळ्या पाहणारा एक माणूस नेमा, त्याचं मानधन पाणी वापरणाऱ्यांकडून एकरी वर्गणीने घ्या. त्यातच देखभालीचा निधी ठेवा. दरवर्षी मे महिन्यात चरांमधला गाळ, सांडव्यांची पिचिंग, अनगड (न घडवलेल्या दगडांचे) बांध यांची पाहणी त्याच पैशांतून होते.

गावात आठ-दहा विहिरी निवडा : माथ्याजवळच्या दोन, मधल्या तीन-चार, पायथ्याच्या बाकी. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही साधारण याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमच्या नोंदी त्यांच्याशी पडताळता येतात. मोजायला शाळेतली मुलं घ्या, सोबत एक मोठं माणूस, आणि कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊ नका.

ओढा गावाच्या हद्दीवर थांबत नाही. वरच्या गावाने सगळं अडवलं तर खालच्या गावाच्या विहिरी कमी भरतात, आणि ती तक्रार आज ना उद्या येतेच. ती येण्याआधी खालच्या गावातल्या दोघांना ताळेबंदाच्या बैठकीला बोलवा, चहा द्या, आकडे दाखवा. त्यांच्या हद्दीतल्या पहिल्या दोन विहिरींची पातळीही तुमच्याच वहीत, त्याच तारखांना, त्यांच्याच माणसाच्या सहीने लिहून घ्या.